त्रेंतोची पोस्टडॉक घ्यावी, पण मुलाला न्यावं का?

पीएचडी संपत आलीय, इटलीत त्रेंतोला द्विध्रुवी अतिशीत वायूंच्या (निरपेक्ष शून्याजवळ थंड केलेल्या, छोट्या चुंबकांसारख्या अणूंच्या) थिअरीवर दोन वर्षांची पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची संशोधनाची नोकरी, मिळतेय, बायको आणि तिसरीतला मुलगा सोबत न्यावेत का, असं तुम्ही विचारलंय. व्हिसा, पगार, विमा साइटवर सापडेल. बाकीचं सांगते.

आपल्याला लॅब लागत नाही. अशा वायूचं वागणं सांगणारं ग्रॉस-पितायेव्स्की समीकरण पुण्यातल्या लॅपटॉपवरही तसंच सुटतं. मग जायचं कशाला? त्रेंतोचा फिजिक्स विभाग जिथे आहे त्या पोवोच्या टेकडीवर जेवताना होणाऱ्या गप्पांसाठी. उदाहरणार्थ, अणूंना धरून ठेवणारा सापळा झटकन तिरका केला तर अणूंचा ढग कसा डोलेल? साधा विरळ वायू दोन वारंवारतांनी, अतिप्रवाही, म्हणजे घर्षणाशिवाय वाहणारा, एकाच. त्रेंतोचे स्त्रिंगारी आणि त्यांचे सहकारी गेरी-ओडेलाँ यांनी १९९९ मध्ये हे कागदावर मांडलं, पुढच्याच वर्षी ऑक्सफर्डच्या प्रयोगात दिसलं. २०१९ मध्ये डिस्प्रोशियम या धातूच्या अणूंच्या सुपरसॉलिडची (स्फटिकासारखी रचना असूनही अतिप्रवाही असलेल्या अवस्थेची) आकुंचन-प्रसरणाची लय दोनांत फुटते हे दाखवणारा पेपर आला, तोही पीझाचा प्रयोग आणि त्रेंतोची थिअरी मिळून. ही संगत झूमवर मिळत नाही.

इटलीतल्या राहण्याच्या परवान्याचं नूतनीकरण चालू असताना हातात नुसती पावती असते. तिच्यावर भारतात जाता-येता येतं, पण शेंगेनमधल्या (सामाईक व्हिसाच्या युरोपीय गटातल्या) दुसऱ्या देशात विमान बदलायचं नाही. फ्रँकफर्टमार्गे स्वस्त तिकीट दिसलं की हात आवरा. माझं परवान्याचं एक कार्ड तर मुदत संपता संपता मिळालं, आणि खिडकीवरच्या बाईंनी लगेच पुढचा अर्ज पुढे सरकवला!

माझ्या मुलीच्या शाळेचं मात्र अजून डोक्यातून जात नाही. पुण्यात तिसरी झालेली, भागाकार येणारी पोर. इटालियन येत नाही म्हणून तिला दुसरीत बसवलं आणि मणी मोजायला दिले. बाई प्रेमळ होत्या, त्यामुळे भांडताही येईना. आज ती दुकानदारासमोर माझं इटालियन सुधारते, मण्यांचं तिला आठवतही नाही. परत का आला नाहीत असं कोणी विचारलं की आम्ही तिच्या शाळेचं नाव पुढे करतो. खरं तर मलाच त्रेंतोतून निघवत नाही, आणि हे मी घरी अजून बोललेले नाही.

एकटेपणा? दिवाळीला ग्रुप मीटिंग असते, चकल्या न्या, संपतात. पुढे चला.

मुलाला आणायचंच तर सप्टेंबरात, शाळा सुरू होताना आणा. आणि बायको तिथे काय करणार, हे तुमच्या प्रश्नात कुठेच नाही. ते ठरेपर्यंत तिकिटं काढू नका.