बीमवर सहाच निघतात, चालेल का?

प्रश्न : सुभेदार काका, अग्निवीर जनरल ड्यूटीची लेखी परीक्षा पास झालोय. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत मारतो, पण बीमवर पुल-अप्स सहाच निघतात. चालेल का? – एक वाचक, खटाव तालुका

उत्तर : बाळा, पास होशील, पण मेरिटमध्ये मार खाशील. साडेपाचच्या आत धावलास की 60 गुण, ते तुझे आहेतच. बीमवर मात्र सहाला 16 आणि दहाला 40. म्हणजे चोवीस गुण तू मैदानावरच सोडून येणार. एकेका गुणाने पोरं मागे राहतात तिथे! नऊ फुटांचा खड्डा ओलांडणं आणि झिगझॅग पट्टीवर तोल राखत चालणं, यांना गुण नसतात, नुसतं पास व्हायचं असतं.

तू झोके घेत असणार, बहुतेक पोरं घेतात. हात पूर्ण सरळ, पाय स्थिर, हनुवटी बीमच्या वर; असं नसेल तर मोजणारा तो पुल-अप धरतच नाही. स्टुलावर चढून हनुवटी वर ठेव आणि पाच मोजत सावकाश खाली ये. एक दिवसाआड कर. खरी ताकद या उतरण्यातच येते. पाइप जाड घे, बारीक पाइपची सवय झाली की भरतीच्या बीमवर पकड सुटते. आणि धावायच्या आधी बीम करू नकोस, भरतीत आधी धावणंच असतं. दमलेल्या अंगानेच लटकायची सवय हवी.

कुणी ताकदीचं इंजेक्शन देतो म्हणाला तर त्याच्या दारातही उभा राहू नकोस. पुढे मेडिकल आहे, आणि शरीर तुला जन्मभर वापरायचंय.