कंपनीनं कोणत्या पक्षाला किती दिलं?

प्रश्न : कापूस वेचायला येणाऱ्या बायाही म्हणतात, ‘मत आपलं, राज्य पैसेवाल्याचं.’ कंपन्यांच्या देणग्या गावात बसून तपासता येतात का? – एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : येतात, आणि जरूर तपासा. निवडणूक रोखे म्हणजे बँकेतून विकत घेऊन, नाव उघड न करता पक्षाला देणगी देण्याची कागदपत्रं. सर्वोच्च न्यायालयानं १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ते रद्द केले. त्यानंतर निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर दोन याद्या आल्या : पहिली रोखे विकत घेणाऱ्यांची, दुसरी ते वटवणाऱ्या पक्षांची. २१ मार्च २०२४ च्या याद्याच उतरवा, त्यांतच रोख्यांचे क्रमांक आहेत. पहिल्या यादीत कंपनी शोधा, क्रमांक टिपा, तोच दुसरीत पाहा. गफलत इथंच होते. क्रमांकाआधीची अक्षरंही जुळली पाहिजेत. ‘ओसी’ म्हणजे एक कोटीचा रोखा, ‘टीएल’ दहा लाखांचा. नुसता आकडा जुळवलात तर भलत्याच पक्षाच्या नावावर देणगी चढेल. कंपनीच्या नावाचं स्पेलिंगही दोन-तीन तऱ्हेनं टाकून बघा.

१२ एप्रिल २०१९ पूर्वीचे रोखे यात नाहीत. रोख्यांबाहेरच्या, वीस हजारांवरच्या देणग्या पक्षांच्या वार्षिक अहवालात नावानिशी असतात. तिथं ‘इलेक्टोरल ट्रस्ट’ (कंपन्यांकडून देणग्या घेऊन पक्षांना देणारी संस्था) दिसला, तर त्या ट्रस्टचा अहवाल वेगळा उघडा. कंपनीचं नाव त्यात सापडतं.