खोडवा खुरटतो, पण पानावर डाग नाही

प्रश्न : आमचा खोडवा (तोडणीनंतर बुडख्यांतून पुन्हा फुटलेला ऊस) यंदा ठिकठिकाणी खुरटला आहे. ऊस बारीक आणि पेरी आखूड आहेत. पानांवर मात्र डाग नाहीत. खत-पाणी लागणीच्या उसाइतकेच दिले आहे. हा रोग असावा काय? तो ओळखावा कसा?
– एक शेतकरी, सांगली जिल्हा

उत्तर : आपल्या वर्णनावरून ‘रटून स्टंटिंग’ या जिवाणूजन्य रोगाचा संशय घेण्यास जागा आहे. पाण्याचा ताण किंवा हुमणी (मुळे खाणारी अळी) यांमुळेही ऊस असाच खुरटतो, म्हणून केवळ बांधावरून पाहून निदान करू नये. 1944-45 च्या हंगामात ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये हा रोग प्रथम लक्षात आला, तरी तो विषाणूमुळे होतो असाच समज 1973 पर्यंत होता, इतका हा जिवाणू लपून राहणारा आहे.

पक्व उसाच्या बुडख्याकडील कांड्या धारदार चाकूने उभ्या, पातळ कापाव्यात आणि काप सुकण्याआधीच पाहावा. कांडीच्या गाठीत, तिच्या खालच्या भागात, नारिंगी-तांबडे ठिपके किंवा स्वल्पविरामासारख्या बारीक रेघा दिसल्या आणि त्या पेरात उतरत नसल्या, तर संशय बळावतो. लालकुज या बुरशीजन्य रोगात पेराचा गरच लाल होतो, त्यात आडवे पांढरे पट्टे असतात आणि आंबूस वास येतो. दोहोंत गल्लत होऊ देऊ नये. काही जातींत हे ठिपके उमटतच नाहीत, त्यामुळे ते न दिसणे म्हणजे ऊस निरोगी असल्याचा पुरावा नव्हे. खात्रीसाठी बुडख्याकडील कांड्यांमधील रस प्रयोगशाळेत एलायझा किंवा पीसीआर या जिवाणू ओळखणाऱ्या चाचणीने तपासून घ्यावा.

माग काढताना बेणे आणि कोयता या दोनच गोष्टींवर लक्ष ठेवावे, कारण रोग प्रामुख्याने त्यांच्यामार्फतच पसरतो. प्रत्येक फडाचे बेणे कोणत्या मळ्यातून आले आणि तोडणी कोणत्या क्रमाने झाली याची नोंद वहीत ठेवली, तर रोग कोठून शिरला हे बहुधा तिथेच सापडते. संशयित फड सर्वांत शेवटी तोडावा आणि पुढच्या फडात जाण्यापूर्वी कोयते जंतुनाशकात बुडवावेत. माझ्या मते कोयत्याची ही शिस्त सर्वांत स्वस्त आणि सर्वाधिक दुर्लक्षित आहे.

बेणेमळ्यासाठीच्या कांड्यांना 50 अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात 2 तास प्रक्रिया द्यावी. तीमुळे उगवण थोडी घटते आणि जिवाणू पूर्ण नष्ट होईलच असे नाही, म्हणून बेणेमळ्याचीही तपासणी करावी. रोगट खोडवा मोडल्यावर त्याच रानात लागलीच ऊस लावू नये. जुन्या बुडख्यांतून आलेले फुटवे आधी समूळ काढून टाकावेत.