स्टुडिओचा रॅक आणि तिसरी पिन: वाचकांची प्रश्नोत्तरे

घरातील एखादी खोली ध्वनिमुद्रणासाठी सजवणाऱ्यांची संख्या ठाणे आणि नवी मुंबईत वाढते आहे आणि रॅक, म्हणजे ध्वनियंत्रे एकावर एक बसवण्याची चौकट, आणि अर्थिंग यांविषयी तीच ती शंका वेगवेगळ्या पत्त्यांवरून माझ्याकडे येते आहे. म्हणून निवडक प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र देत आहे. पत्रावरून यंत्र तपासता येत नाही, हे मात्र कृपया लक्षात ठेवावे.

सुताराने आतून बरोबर १९ इंचांचा प्लायचा रॅक करून दिला, पण प्रीॲम्प (मायक्रोफोनचा क्षीण सिग्नल वाढवणारे यंत्र) आत जात नाही. चूक कोणाची? (घोडबंदर रोड, ठाणे)

माप सांगणाऱ्याची. १९ इंच, म्हणजे ४८२.६ मिलिमीटर, ही यंत्राच्या पुढच्या पट्टीची कानांसकट, म्हणजे स्क्रू लावायच्या दोन्ही टोकांसकट, रुंदी आहे. आतून नेमकी तेवढीच जागा ठेवली तर पट्टी अडकते, आणि वरून सनमायका चिकटवला असेल तर तीही जागा उरत नाही. दोन्ही बाजूंच्या लोखंडी पट्ट्यांमध्ये सुमारे ४५० मिलिमीटर मोकळे अंतर हवे आणि समोरासमोरच्या भोकांची मध्यापासून मध्यापर्यंत मोजणी सुमारे ४६५ मिलिमीटर यायला हवी. उंचीचे एक युनिट पावणेदोन इंचांचे असते, परंतु भोके समान अंतरावर नसतात. सुताराच्या भाषेत सांगायचे तर पाच सूत, पाच सूत आणि चार सूत (एक सूत म्हणजे अष्टमांश इंच) असा क्रम पुन्हा पुन्हा येतो. तेव्हा भोके सुताराकडून पाडून न घेता तयार पट्ट्या विकत आणाव्यात. रॅकची पुढून मागेपर्यंतची खोली मोजताना मागे निघणाऱ्या प्लगांची आणि केबलच्या वळणाची जागा धरावी. यंत्राच्या माहितीपुस्तिकेतील आकृती सुताराच्या हाती दिल्याशिवाय प्लाय कापू देऊ नये.

सर्व रॅकना एम-६ (६ मिलिमीटर जाडीचे) स्क्रू चालतात का? (ऐरोली)

नाही. काही पट्ट्यांना १०-३२ आट्यांचे (इंची मापाचे) स्क्रू लागतात, त्यामुळे एक जुना स्क्रू दुकानात घेऊन जा.

पॉवर ॲम्प्लिफायर हाताशी राहावा म्हणून सर्वांत वर बसवला तर? (कळवा)

बसवू नका. जड यंत्र तळाशी ठेवावे आणि त्याला मागूनही आधार द्यावा, कारण नुसत्या पुढच्या कानांवर तोललेले वजन कान वाकवते.

स्पीकरमधून सतत गुणगुण येते. वायरमनने प्लगची अर्थिंगची पिन कापायला सांगितली आणि एका प्लगवर प्रयोग केल्यावर आवाज खरोखर थांबला. सगळ्याच कापू का? (नेरूळ)

एकही कापू नका, आणि कापलेला प्लग आज बदलून घ्या. हा सल्ला मला इतक्या जणांकडून ऐकू येतो की त्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे.

आपल्याकडील वीजपुरवठा २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झचा आहे. रॅकमधील दोन यंत्रे वेगवेगळ्या भिंतींवरील सॉकेटांना जोडली, की त्यांच्या अर्थिंगमध्ये किंचित फरक पडतो. तीच दोन यंत्रे सिग्नलच्या केबलनेही जोडलेली असल्याने वर्तुळ पूर्ण होते, केबलच्या जाळीतून (आतील तारांभोवतीच्या धातूच्या वेष्टनातून) नको असलेला प्रवाह वाहू लागतो आणि तो ५० किंवा १०० हर्ट्झची गुणगुण होऊन कानी येतो. पिन कापल्यावर वर्तुळ तुटते, म्हणून आवाज थांबतो. पण त्याच क्षणी त्या यंत्राच्या धातूच्या पेटीचा जमिनीशी असलेला भरवशाचा मार्गही तुटतो. पुढे कधी आतील एखादी तार सुटून पेटीला टेकली, तर एमसीबी (जास्त प्रवाह वाहिल्यास आपोआप बंद पडणारे बटण) पाडण्याइतका प्रवाह वाहणार नाही आणि ती पेटी २३० व्होल्टवर तशीच राहील. गायक एका हाताने मायक्रोफोन धरून दुसऱ्या हाताने रॅकला स्पर्श करतो, हे वायरमनच्या हिशेबात नसते.

योग्य मार्ग असा आहे. संपूर्ण रॅकला वीज एकाच सॉकेटवरून द्यावी. सिग्नलच्या केबली एकेक करून काढाव्यात, म्हणजे दोष कोणत्या जोडणीत आहे ते कळेल. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर आवाज गेला, तर शोध तेथेच संपतो. शक्य तेथे बॅलन्स्ड केबल (सिग्नलच्या दोन तारा आणि वेगळी जाळी असलेली) वापरावी. त्याने भागले नाही तर ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (तारेची थेट जोडणी न ठेवता सिग्नल पुढे नेणारा) बसवावा. बॅलन्स्ड केबलची जाळी एका टोकाला सोडवणे हाही उपाय आहे, मात्र अशा केबलवर ठळक खूण करावी आणि ती ४८ व्होल्टच्या फँटमवर, म्हणजे केबलमधूनच मिळणाऱ्या विजेवर, चालणाऱ्या मायक्रोफोनला वापरू नये, कारण फँटमचा परतीचा मार्ग त्या जाळीतूनच जातो.

याहूनही घातक प्रकार म्हणजे इमारतीत अर्थिंग नाही म्हणून सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थिंग एकत्र जोडणे. न्यूट्रल कोठे तुटला तर रॅकमधील प्रत्येक पेटीत वीज उतरते. नळाला तार गुंडाळणाऱ्यांनी आता बहुतेक नळ प्लास्टिकचे आहेत हे पाहावे. मीटरच्या पुढची, घरातील वायरिंग ही महावितरणची नव्हे, आपली जबाबदारी असते. म्हणून परवानाधारक विद्युत ठेकेदाराला बोलावून टेस्टरच्या दिव्यावर न विसंबता उपकरणाने अर्थिंग मोजून घ्यावे आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे बटण) बसवून घ्यावा. हे होईपर्यंत ध्वनिमुद्रण थांबले तरी चालेल.

विक्रेता म्हणतो, महागडा पॉवर कंडिशनर घेतल्यास गुणगुण जाईल आणि आवाजही खुलेल. (वाशी)

विजेचा दाब अचानक वाढल्यास संरक्षण आणि सर्व प्लग एका जागी, एवढा उपयोग चांगल्या कंडिशनरचा होऊ शकतो. वर सांगितलेले वर्तुळ त्याने आपोआप तुटत नाही आणि आवाज खुलणे हे विक्रेत्याचे साहित्य आहे. पट्टीवरच्या दिव्यांना भुलू नका. परत घेण्याची अट लेखी मिळत असेल तरच विचार करा, आणि तोही अर्थिंग मोजून झाल्यावर.

दोन यंत्रांमध्ये किती जागा सोडावी? (डोंबिवली)

एकच आकडा सर्वांना लागू होत नाही. हवा कोठून घ्यायची आणि कोठून सोडायची हे प्रत्येक यंत्राचे वेगळे असते आणि ते पुस्तिकेत लिहिलेले असते. व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) किंवा क्लास-एच्या (सतत प्रवाह घेऊन खूप तापणाऱ्या) यंत्राच्या वर निदान एक युनिट जाळीची पट्टी लावावी. पंख्याच्या यंत्रांच्या रॅकमध्ये मात्र मोकळी जागा बंद पट्टीने झाकणे हिताचे असते, अन्यथा मागची गरम हवा फिरून पुढे येते. आतील कपॅसिटरचे आयुष्य तापमान १० अंशांनी वाढल्यास ढोबळमानाने निम्म्यावर येते. ज्या यंत्रात मोठा ट्रान्सफॉर्मर आहे ते मायक्रोफोनच्या प्रीॲम्पला खेटून ठेवू नये. विजेच्या केबली एका बाजूने, सिग्नलच्या दुसऱ्या बाजूने न्याव्यात आणि ओलांडणे अटळ असेल तेथे काटकोनात ओलांडाव्यात. पावसाळ्यात एसीने गार झालेल्या रॅकसमोर खिडकी उघडली तर खाडीकडची दमट हवा आत दव धरते. तसे झाल्यास यंत्रे कोरडी होईपर्यंत चालू करू नयेत.

पॅचबेमधून (जोडण्या बदलण्यासाठीच्या सॉकेटांच्या पट्टीतून) मायक्रोफोनच्या जोडण्या बदलताना फँटम बंद करावे का? (बेलापूर)

होय, प्रत्येक वेळी. पॅचबेमध्ये प्लग सरकताना संपर्क क्षणभर एकमेकांना लागतात आणि त्यातून रिबन मायक्रोफोनला (धातूच्या पातळ, नाजूक फितीवर चालणाऱ्या) इजा होऊ शकते.

पंधरवड्यापासून रॅकमधून जळकट वास येतो. गणपतीच्या गाण्यांचे काम हातात आहे, ते संपल्यावर दाखवले तर चालेल का? (कोपरी)

पंधरा दिवस थांबलात हेच फार झाले. रॅकचा मुख्य प्लग लगेच काढा, कोणतीही पेटी स्वतः उघडू नका आणि वास कोणत्या यंत्राजवळ, चालू केल्यावर किती वेळाने येत होता ते कागदावर लिहून तंत्रज्ञाच्या हाती द्या. गाणी दुसऱ्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित करता येतील.