एमजीबीच्या सिलमधला लपलेला गंज: आधी दाराची फट मोजा, मग ग्राइंडर उचला

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. १९६९ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे छप्पर नसलेली ब्रिटिश स्पोर्ट्स कार, काकांकडून आलेली. ऑगस्ट २०२४च्या विश्वामित्री नदीच्या पुरात बडोद्यात अकोट्याच्या घरी ती सीटच्या बैठकीपर्यंत पाण्यात होती. धुतली, वाळवली, सगळी ऑइलं बदलली, गाडी सुरू झाली आणि विषय मिटला असं घरात सगळ्यांना वाटलं. आता कार्पेट काढल्यावर दाराखालच्या शिवणीतून तपकिरी ओघळ आलेले दिसतात, आणि पुढचं चाक उचलायला जॅक लावला की ड्रायव्हरचं दार अडकतं. डेंटर म्हणतोय, बाहेरून नवा पत्रा मारून पुट्टी करून देतो. हे काम घरी जमेल का, असं तुम्ही विचारलंय.

जमेल. पण डेंटरला आजच नाही म्हणून सांगा. त्याचा हात वाईट आहे म्हणून नाही. आपल्याकडे बहुतेक गाड्यांना दाराखाली पत्रा मारला की निदान छप्पर तरी बॉडीला धरून ठेवतं. तुमच्या गाडीला छप्परच नाही. एमजीबीला वेगळी चासीही नाही, बॉडी हीच चासी. पुढचा आणि मागचा भाग एकमेकांना धरून आहेत ते मधल्या टनेलवर (दोन सीटांमधला उंचवटा) आणि दोन्ही बाजूंच्या सिलवर, म्हणजे दाराखालच्या लांब पोकळ भागांवर. दार अडतंय याचा अर्थ सिलने जोर घेणं सोडलंय आणि बॉडी पिळली जातेय. अशा वेळी बाहेरून पत्रा मारला तर बॉडी आज जितकी वाकडी आहे तितक्याच वाकड्या मापात कायमची बसेल.

सिल म्हणजे एकच पेटी नाही, हे आधी लक्षात घ्या. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, या दोघांच्या मधोमध उभा एक पडदा, आणि खाली तिघांना जोडणारी कॅसल रेल. म्हणजे शेजारी शेजारी दोन पोकळ्या. पुराचं पाणी खालच्या निचऱ्याच्या भोकांतून आत शिरलं, पाण्याबरोबर गाळ शिरला. पाणी ओसरलं, गाळ तळाशी बसला आणि तीच भोकं बुजवून गेला. बाहेरून गाडी कितीही धुतली तरी त्या गाळापर्यंत पाइप पोचत नाही. विश्वामित्रीचा गाळ चिकट आहे, पावसाळ्यात तो ओल धरतो आणि सोडत नाही. त्यातही जिथं दोन पत्रे एकावर एक चिकटलेत तिथं सर्वांत जास्त खातं, कारण फटीत प्राणवायू कमी आणि बाहेर जास्त असला की फटीतलाच पत्रा झिजतो. शिवाय गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट असतं. तो फुगून दोन पत्र्यांना एकमेकांपासून ढकलतो आणि स्पॉट वेल्ड (पत्रे जोडणारे ठिपक्यांसारखे टाके) एकेक करून सुटत जातात. तुम्हाला दिसलेले ओघळ या सुटलेल्या शिवणीतून आलेत. तेव्हा ओघळ जिथं दिसतो, सड नेमकी तिथंच असेल असं धरून चालू नका.

शोध घ्यायला खर्च फारसा नाही. दाराच्या उंबऱ्यावरची अॅल्युमिनियमची पट्टी काढा, रबरी बूच काढा आणि फोनला जोडतो तो बोरस्कोप कॅमेरा आत सोडा. खालचा डांबरी अंडरकोट हीटगनने मऊ करून पत्र्याच्या खरवडणीने काढा, ज्योत लावू नका. मग छोट्या हातोडीने कॅसल रेलवर पुढून मागे ठोकत या. चांगला पत्रा टणटणतो, सडलेला बद्द वाजतो. बद्द वाजला तिथं टोच्या दाबून बघा. पुट्टी कुठं भरलीय ते लोहचुंबक सांगेल. तीन जागा खास बघा: जॅक लावायच्या नळीचा आजूबाजूचा भाग, पुढच्या मडगार्डच्या आत सिलचं पुढचं टोक, आणि मागच्या चाकाच्या पुढचा कोपरा. पुढचं टोक मडगार्डच्या पोटात झाकलेलं असतं. चाकाने उडवलेली माती तिथं वर्षानुवर्षं साठते. पूर यायच्या आधीपासून तिथं गंज असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

आता मुख्य काम, आणि इथं घाई नको. गाडी सपाट फरशीवर घ्या. फरशी सपाट आहे का हे पारदर्शक नळीत पाणी भरून तपासा, गवंडी तपासतो तसं. जॅकस्टँड पुढच्या, बॉडीलाच जोडलेल्या चासी रेलखाली आणि मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) पुढच्या कड्याजवळ लावा, सिलखाली अजिबात नाही. दारं काढू नका. दोन्ही दारांची फट वर, मध्ये, खाली, पुढून आणि मागून मोजा आणि आकडे मास्किंग टेप लावून दारावरच लिहा. बॉडी मध्ये खचली असेल तर दाराची फट वरच्या बाजूला आवळलेली आणि खाली मोकळी दिसते. मग जॅकस्टँडखाली पातळ पत्र्याच्या चकत्या सरकवत, फट वरखाली सारखी होईपर्यंत गाडी थोडी थोडी उचला. एका दमात नाही. थोडं उचला, दार लावून बघा, रात्रभर राहू द्या, सकाळी पुन्हा मोजा.

फट जमली की त्या मापात बॉडी बांधून टाका. एक इंचाचा चौकोनी पाइप बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत, शिवाय एक तिरपा. पाइपच्या टोकांना पट्ट्या वेल्ड करून त्या दाराच्या कुलपाच्या आणि आतल्या ट्रिमच्या मूळ बोल्टच्या भोकांत कसा, म्हणजे बॉडीला नवं भोक पडत नाही. पाइप दाराच्या आतल्या बाजूने घ्या, दार उघडता-मिटता आलं पाहिजे, नाहीतर पुढे माप कशाने बघणार? एका खांबापासून समोरच्या खांबापर्यंत आडवा पाइपही द्या. पाइप मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसी) कापून, टोकं चपटी करून मिळतील. कॅसल रेलसारखे लांब वळणाचे तुकडे मात्र मी तिथं वाकवून घेणार नाही. त्या रेलच्या पायऱ्या अचूक लागतात, आणि इंग्लंडमध्ये ब्रिटिश मोटर हेरिटेज एमजीबीचे पत्रे अजून बनवते, त्यांनी तर १९८८मध्ये अख्खी नवी बॉडीच बाजारात आणली. तुमची गाडी १९६२ ते १९८० इतका काळ बनली आणि पाच लाखांवर खपली, त्यामुळे सुटे पत्रे मिळण्याच्या बाबतीत तुम्ही नशीबवान आहात. कस्टम्ससकट पैसे जातील, तरी तिथं हात आखडता घेऊ नका.

कापायचं एका वेळी एकच बाजू. ती पूर्ण वेल्ड होऊन थंड झाल्याशिवाय दुसऱ्या बाजूला डिस्क लावायची नाही.

कापायच्या आधी बॅटऱ्या काढा. तुमच्या गाडीत सीटमागे सहा व्होल्टच्या दोन असतील. पेट्रोलची टाकी काढून बाहेर नेऊन ठेवा. पेट्रोल पंपही मागच्या बाजूला, बॅटरीच्या खोबणीजवळच असतो, तोही सोडवा. कार्पेट, सीट, वायरिंग बाजूला करा, पाण्याची बादली आणि अग्निशामक हाताशी ठेवा. ब्रेक क्लीनरने पत्रा पुसून त्यावर वेल्डिंग करू नका. क्लोरीनवाला क्लीनर आर्कच्या उष्णतेत विषारी फॉस्जीन वायू बनवतो. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रासुद्धा वापरू नका, जस्ताच्या धुराने थंडी वाजून ताप भरतो. सीआरसी, म्हणजे मुलामा नसलेला साधा पत्रा घ्या. किती जाडीचा, ते जुन्या चांगल्या भागाचा रंग काढून व्हर्नियरने मोजा.

बाहेरचा पत्रा वरच्या शिवणीच्या थोडा खाली कापून काढला की आत काय चाललंय ते कळेल. पुरातल्या गाड्यांत सहसा असं दिसतं: तळाला वाळून भेगाळलेला गाळाचा थर, त्यावर गंजाचे पापुद्रे, आणि मधल्या पडद्याची खालची कड करवतीच्या दातांसारखी खाल्लेली. वरचा निम्मा पडदा बहुतेक वेळा ठणठणीत असतो, फॅक्टरीचा रंगही टिकलेला असतो. तो काढू नका. खालची पट्टी कापून तेवढीच नवी घाला. गाळ ओला करू नका, कोरडाच खरवडून व्हॅक्यूमने ओढा.

जुने स्पॉट वेल्ड आठ मिलिमीटरच्या स्पॉट कटरने सोडवा. नव्या पत्र्याला सहा मिलिमीटरची भोकं, मूळ स्पॉट जितक्या अंतरावर होते तितक्याच अंतरावर पाडा. आधी सगळं स्क्रूने बसवा: रेल, पडदा, बाहेरचा सिल. दार लावा. फट तुमच्या टेपवरच्या आकड्यांशी ताडून बघा. दार जमलं तरच मिग (तार आणि गॅसवर चालणारं वेल्डिंग मशीन) चालवा. वायर ०.६ किंवा ०.८ मिलिमीटर, गॅस शक्यतो आर्गॉन आणि सीओटू यांचं मिश्रण. नुसत्या सीओटूवरही होतं, पण पातळ पत्र्यावर भोक पडायची भीती वाढते. एक टाका पुढे, एक मागे, एक मध्ये, असे लांब लांब मारा आणि मधूनमधून पुन्हा दार लावून बघा. गॅस वेल्डिंगला पूर्ण नकार द्या, इतक्या उष्णतेने लांब पत्रा मुरडतो. आयुष्यात पहिल्यांदाच मिग हातात घेत असाल तर भंगारातल्या दाराच्या पत्र्यावर हात बसवा, आणि प्लग मारलेला, म्हणजे भोकात वेल्ड भरून जोडलेला तुकडा छिन्नीने फाडून बघा. वेल्ड शाबूत राहून पत्रा फाटला की समजा तुम्ही तयार आहात. तोवर कापाकापी तुम्ही करा आणि कॅसल रेलचं वेल्डिंग जाणत्याकडून घरी बोलावून करून घ्या. त्यात कमीपणा काहीच नाही.

रस्ट कन्व्हर्टरबद्दलही, म्हणजे गंजावर लावायच्या आम्लाच्या रसायनाबद्दल, विचारलं होतंत. उघड्या पत्र्यावरच्या पातळ गंजाला ठीक आहे. शिवणीत ओतू नका, आत राहिलेलं आम्ल पुढे पत्राच खातं. जुनं इंजिन ऑइल सिलमध्ये सोडायचा सल्लाही मिळेल. ते रबर नासवतं आणि पुढे कधी वेल्डिंग करायची वेळ आली तर पेट घेतं. वेल्ड झाल्यावर आत झिंक प्राइमर, शिवणींना बाहेरून सीलर, रंग, आणि सर्वांत शेवटी कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं मेण), ३६० अंशांत फवारणाऱ्या लांब नळीने. वॅक्स मे महिन्यात मारा. बडोद्याच्या मे महिन्यात पत्रा इतका तापतो की वॅक्स पातळ होऊन शिवणीत आतवर ओढलं जातं, जानेवारीत ते वरच्या वर थिजतं. मारल्यावर निचऱ्याची भोकं तारेने पुन्हा मोकळी करा.

आणखी एक जागा: काचेखालच्या जाळीतून हीटरला हवा देणाऱ्या पोकळीत पडणारं पावसाचं पाणी एका रबरी नळीने खाली जातं. पुराच्या गाळाने ती नळीही बुजली असणार. ती तुंबलेली राहिली तर येत्या जुलैत पाणी थेट पायांशी, म्हणजे नव्या सिलच्या आतल्या पत्र्यावर उतरेल. जाळीवर तांब्याभर पाणी ओता आणि ते गाडीखाली पडतंय का बघा.

या रविवारी फक्त उंबऱ्याची पट्टी काढून कॅमेरा फिरवा, दाराच्या फटींचे आकडे घ्या आणि दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा. ड्रायव्हरच्या बाजूचं पुढचं टोक मडगार्ड काढून दाखवलंत तर बिजागरीच्या खांबाचा पाया शाबूत आहे का ते सांगता येईल. तो गेला असेल तर पत्रे मागवायची यादी बदलते, म्हणून तोवर ऑर्डर देऊ नका.