मुंबई-नागपूर 50 मिनिटांचं अंतर, मग तिकिटावर दीड तास का?

प्रश्न: मी डोंबिवलीला राहते, माहेर नागपूरचं. पुढच्या महिन्यात बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, सकाळी 11 ला त्यांना घेऊन हॉस्पिटलला पोचायचंय. मुंबई-नागपूर हवाई अंतर 690 किमीच्या आतच आहे आणि विमान ताशी 800 च्या वर जातं, म्हणजे 50 मिनिटं झाली. तिकिटावर मात्र दीड तास दाखवतात. त्याच दिवशी 8 ची फ्लाइट घेतली तर 9 पर्यंत पोचेन ना?

उत्तर: नाही ताई, 9 ला नाही पोचणार, तिकिटावरचा दीड तासच खरा धरा. 8 ही वेळ विमान हवेत जायची नसते, ते जागेवरून हलायची असते. तिथून ट्रॅक्टर विमान मागे ढकलतो, इंजिनं सुरू होतात आणि मग रनवेपर्यंत सावकाश जायचं. मुंबईत रनवे दोन आहेत पण ते एकमेकांना फुलीसारखे छेदतात, त्यामुळे दोन्ही एकदम वापरता येत नाहीत, एकाच रनवेवरून चढणारी पण जाणार आणि उतरणारी पण येणार. सकाळच्या गर्दीत खिडकीतून बघा, पुढे चार-पाच विमानं एकामागे एक उभी असतात, एक सुटलं की मधे एक उतरतं, मग आपलं थोडंसं पुढे सरकतं. यातच 20-25 मिनिटं सहज जातात. शिवाय तुम्ही धरलेला 800 चा वेग फक्त वर गेल्यावरचा, 10,000 फुटांच्या खाली साधारण 460 च्या आतच राहावं लागतं, म्हणजे चढताना आणि उतरताना वेळ जातोच.

अजून एक, वाऱ्याचं. हिवाळ्यात 10-11 किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेला जोरदार वारा असतो, तो जाताना पाठीशी आणि येताना तोंडावर, म्हणून त्या दिवसांत परतीचं विमान तेवढ्याच अंतराला 10 एक मिनिटं जास्त घेऊ शकतं.

आता तुमचा दिवस मांडून बघू. 8 च्या फ्लाइटचं चेक-इन 7 ला बंद होतं, म्हणजे डोंबिवलीहून पहाटे साडेचारला तरी निघायला हवं. साडेनऊला उतरलात, बॅग घेऊन बाहेर यायला पावणेदहा-दहा, मग सोनेगावहून आधी घरी, बाबांना तयार करून हॉस्पिटल. सगळं वेळेवर झालं तर कसंबसं जमेल पण फ्लाइट अर्धा तास जरी लेट झाली तरी बाबा तिकडे तुमची वाट बघत बसतील, आणि ऑपरेशनच्या सकाळी म्हाताऱ्या माणसाला तो ताण नको हो.

माझं ऐका, आदल्या दिवशीच जा. विमानच हवं तर आदल्या संध्याकाळचं घ्या. नाहीतर विदर्भ एक्सप्रेस आहे, रेल्वेने सीएसएमटीपासून 837 किमी पडतं, पण तुम्हाला कल्याणलाच चढता येतं, संध्याकाळी बसलात की सकाळी नागपूर. फक्त ती आदल्याच्या आदल्या दिवशीची घ्या, म्हणजे लेट झाली तरी हातात अख्खा दिवस राहील. समृद्धी महामार्ग जून 2025 पासून पूर्ण 701 किमी सुरू झालाय आणि भिवंडीजवळ आमणेला चढता येतं, तुम्हाला जवळच आहे, पण एकट्याने आठ-नऊ तास गाडी चालवून दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये उभं राहायचं, ते नका करू.

आणि रात्री बाबांच्या डोळ्यात थेंब घालायला सांगितले असतील तर तेही तुमच्याच हातून होईल.