९२ टक्के कशाचे आणि ३८ टक्के कशाचे? मेरीलंडचं रेटिंग वाचताना

तुमचा प्रश्न वाचून लगेच लिहायला बसलो, कारण हा गुंता माझ्या ओळखीचा आहे. जे नुसतं उत्तर वाचतील त्यांच्यासाठी प्रश्न थोडक्यात: तुमची मेरीलंडमध्ये पाच माणसांची आयटी कन्सल्टिंग कंपनी आहे. एका उद्योग संघटनेच्या अहवालात, म्हणजे आमदारांनी संघटनेला हवी तशी किती मतं दिली याच्या रेटिंगमध्ये, तुमच्या सिनेटरला ९२ टक्के मिळालेत आणि डेलिगेटला ३८. संघटना म्हणते, ९२वाल्याच्या प्रचाराला पैसे द्या. आपल्या मराठी मंडळातले काही जण म्हणतात, दिवाळीच्या कार्यक्रमात त्यांचा सत्कार करू. तुम्ही विचारलंय, हा आकडा किती खरा धरायचा.

आकडा बहुतेक खरा असतो, पण तो तुमच्या प्रश्नाचं उत्तर नसतो. इतर वाचकांसाठी एवढंच: मेरीलंडच्या विधिमंडळात दोन सभागृहं आहेत, हाऊसचे सदस्य ते डेलिगेट आणि सिनेटचे ते सिनेटर. मी वकील नाही आणि सीपीए, म्हणजे परवानाधारक हिशोबनीसही नाही. खालचं सगळं मेरीलंडपुरतं समजा, दुसऱ्या राज्यात नियम बदलतात.

सर्वांत महाग पडणारी चूक आधी सांगतो, कारण ती मी केलेली आहे. मेरीलंडमध्ये बिल, म्हणजे विधेयक, कमिटीत मतदानाला येतं तेव्हा मतदान बिलावर होत नाही, प्रस्तावावर होतं. प्रस्ताव ‘फेव्हरेबल’ (बिलाला अनुकूल) असू शकतो, ‘फेव्हरेबल विथ अमेंडमेंट्स’ (दुरुस्त्यांसह अनुकूल) असू शकतो किंवा ‘अनफेव्हरेबल’ (प्रतिकूल). कमिटीचं मतदानपत्रक उघडलंत की डोक्यावर बिलाचा नंबर दिसतो, त्याच्याजवळ प्रस्तावाची खूण, आणि खाली नावांची यादी: हो, नाही, तटस्थ, रजेवर, गैरहजर असे रकाने. आपली नजर थेट नावावर जाते. नावापुढे ‘हो’ची खूण दिसली की आपण समजतो, त्या सदस्याने बिलाला पाठिंबा दिला. प्रस्ताव ‘अनफेव्हरेबल’ असेल तर त्याच ‘हो’चा अर्थ आहे की त्याने बिल पाडायला मत दिलं. मी हीच खूण उलटी वाचली, आणि आम्हाला नको असलेलं बिल ज्यांनी अडवलं त्यांच्याच कार्यालयाला तक्रारीचं पत्र पाठवलं, खाली दहा दुकानदारांच्या सह्या घेऊन. ९० दिवसांच्या अधिवेशनात मार्चमध्ये अशी चूक झाली की ती निस्तरायला वेळ उरत नाही. त्या वर्षी त्या कार्यालयाचं दार आमच्यासाठी बंदच राहिलं.

संघटनेने नीट माहिती छापली असती तर ही चूक सहज टळली असती. एका स्थानिक व्यापारी संघटनेच्या अहवालात नुसते अधिक-उणे छापलेले होते, कुठल्या तारखेचं, कुठल्या प्रस्तावावरचं मतदान याचा पत्ता नव्हता. संघटनेचं नाव घेत नाही. खाली ज्या संस्थांची नावं येतील त्यांतली ती नाही. संघटनेच्या कार्यालयाला तीनदा लिहून विचारलं की अमुक बिलाचं मोजलेलं मत नक्की कोणतं. तिन्ही वेळा उत्तर आलं, ‘रेटिंग अंतिम आहे, कृपया अहवाल पाहावा.’ सभासदांकडून वर्षाची वर्गणी घ्यायची आणि ज्या आकड्यावर त्यांनी पैसे द्यायचे त्याचा हिशोब दाखवायचा नाही, हे मला आजही पटत नाही. म्हणून माझं ठाम मत: प्रत्येक उण्यामागचा बिल नंबर, तारीख आणि प्रस्ताव जी संघटना सांगत नाही, तिच्या टक्केवारीवर एक डॉलरही देऊ नये.

हे काम नीट करता येतं. मेरीलंडमध्येच ‘मेरीलंड बिझनेस फॉर रिस्पॉन्सिव्ह गव्हर्नमेंट’ ही संस्था वर्षानुवर्षं ‘रोल कॉल’ नावाचा अहवाल काढत आली. पुढे तिचं नाव ‘मेरीलंड फ्री एंटरप्राइझ फाउंडेशन’ झालं. तिच्या खुणांची सूची वाचण्यासारखी आहे. बिल मंजूर व्हायला हजर असलेल्यांचं बहुमत पुरत नाही, निवडून आलेल्या एकूण सदस्यांचं लागतं: १४१ डेलिगेटांमध्ये ७१ आणि ४७ सिनेटरांमध्ये २४. म्हणजे मत न देणं हे व्यवहारात ‘नाही’सारखंच काम करतं. त्यामुळे संस्थेला हवं असलेलं बिल असेल आणि सदस्याने मत दिलं नाही, तर त्याचे गुण कापले जातात. संस्थेला नको असलेलं बिल असेल तर मत न दिल्याने गुण कापले जात नाहीत. रीतसर रजा असेल तर ते मत मोजणीतूनच बाहेर. कमिटीचा अध्यक्ष प्रथेने मत देत नाही, त्याची खूण वेगळी. हे कळलं नाही तर दोन सदस्यांची एकसारखी रिकामी जागा बघून तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकच समजाल. कॅलिफोर्नियातही असंच आहे, तिथे असेंब्लीत ४१ आणि सिनेटमध्ये २१ मतं लागतात, आणि अवघड बिलाच्या वेळी गप्प बसणं हा सदस्यांचा नेहमीचा मार्ग.

आता तुमच्या ९२ आणि ३८ कडे. आधी दोघांच्या टक्केवारीखालचा छेद बघा. कमिटीतली मतंही धरली असतील तर ज्याची कमिटी उद्योगांची बिलं हाताळते त्याची मोजलेली मतं जास्त निघतात. हाऊसमध्ये इकॉनॉमिक मॅटर्स, सिनेटमध्ये फायनान्स, इथे उद्योगांशी जोडलेली बरीच बिलं येत आली आहेत. समजा एकाची १८ मतं मोजली आणि त्यातली ४ संघटनेविरुद्ध गेली, तर ७८ टक्के. दुसऱ्याची ९ मोजली आणि त्याचीही ४च विरुद्ध, तर ५६. विरोध सारखाच, आकड्यात २२ चा फरक. पुरस्काराची रेघ बहुतेक ठिकाणी ७० किंवा ८० टक्क्यांवर असते, त्यामुळे दहाच मतं मोजली तर एका मताने माणूस रेघेच्या अलीकडे किंवा पलीकडे जातो.

एकच बिल किती वेळा मोजलंय तेही बघा. आजारपणाच्या पगारी रजेचा कायदा आठवा, २०१७ चं हाऊस बिल १. ते २०१७ च्या अधिवेशनात मंजूर झालं, राज्यपाल होगन यांनी व्हेटो केला, म्हणजे नकाराधिकार वापरला, आणि जानेवारी २०१८ मध्ये दोन्ही सभागृहांनी तो रद्द ठरवला. त्यासाठी तीन पंचमांश मतं लागतात, ८५ आणि २९. म्हणजे एकाच कायद्यावर एकाच सदस्याची मतं दोन वेगळ्या वर्षांच्या अहवालात येऊ शकतात. शिवाय दुसऱ्या सभागृहाने दुरुस्ती केली तर पहिल्या सभागृहात पुन्हा अंतिम मतदान होतं. त्यात हाऊस आणि सिनेट अशी जोडबिलं असतात, मजकूर तोच, नंबर वेगळे. कुठलं मत उचललं हे संघटनेच्या हातात असतं, आणि ते अधिवेशन संपल्यावर उचललं तर हवा तो निकाल काढणं फार सोपं. म्हणून एक गोष्ट जरूर विचारा: हे मत मोजणार आहोत असं सदस्यांना मतदानाआधी कळवलं होतं का? देशपातळीवरची उद्योग संघटना यूएस चेंबर ऑफ कॉमर्स काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, सदस्यांना आधी तसं पत्र पाठवते. माझ्या दृष्टीने आधी कळवून मोजलेलं मतच पारखण्याजोगं.

पुढचा मुद्दा तुमच्यासारख्या छोट्या कंपन्यांसाठी सर्वांत मोलाचा, तेव्हा सविस्तर लिहितो. उद्योग म्हणजे एकच घर नव्हे. २०२० मध्ये मंजूर झालेला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये व्हेटो रद्द करून लागू झालेला डिजिटल जाहिरात कर घ्या. जगभरातली वार्षिक उलाढाल किमान १० कोटी डॉलर असलेल्या कंपन्यांनाच तो लागतो. त्यावरच्या मतावरून पाच माणसांच्या दुकानाला आपल्या डेलिगेटबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही. उलट १ जुलै २०२५ पासून डेटा आणि आयटी सेवांवर लागलेला ३ टक्के विक्रीकर थेट तुम्ही गिऱ्हाइकाला देता त्या इनव्हॉइसवर आला. तुमचं काम ५४१५ या उद्योग-संकेतात बसत असणार, म्हणजे तुम्ही त्यात आहातच. हा कर कुठून आला? स्वतंत्र बिलातून नव्हे. तो २०२५ च्या हाऊस बिल ३५२ मध्ये, म्हणजे अर्थसंकल्प जुळवणाऱ्या जाडजूड बिलात होता, शेकडो इतर तरतुदींसोबत. त्या बिलाला ‘हो’ म्हणणाऱ्याने आयटी कराला हो म्हटलं की आपल्या जिल्ह्याच्या शाळांच्या पैशाला, हे एका खुणेवरून कधीच ठरत नाही. अहवालात मात्र तो एक उणे, बाकीच्या प्रत्येक उण्याइतकाच.

आणि जे मतदानाला आलंच नाही त्याचं काय? त्याच अधिवेशनात व्यवसायांनी व्यवसायांना दिलेल्या सेवांवर २.५ टक्के कराचा प्रस्ताव होता. हिशोबनीस, वकील, सल्लागार, सगळेच त्यात सापडले असते. सुनावणीला विरोधकांची रांग लागली आणि प्रस्ताव बारगळला. तो थोपवायला आत कोणी काय केलं याची एकही खूण मतांच्या तक्त्यात येणार नाही. बिल मतदानाला आणायचं की खणात ठेवायचं हे मुख्यतः कमिटीचे अध्यक्ष आणि सभागृहाचं नेतृत्व ठरवतं. आपल्याकडच्या लोकांना कुमार बर्वे हे नाव माहीत असतं. १९९० साली निवडून आलेले, अमेरिकेतल्या राज्य विधिमंडळात पोचलेले पहिले भारतीय वंशाचे सदस्य. ते हाऊसमध्ये बहुमताचे नेते होते, नंतर एका मोठ्या कमिटीचे अध्यक्ष. अशा पदावरच्या माणसाचा प्रभाव त्याच्या मतांच्या टक्केवारीत मावत नाही. यूएस चेंबरने २०१९ पासून काँग्रेससाठी मोजणी बदलली, मतांना ८० टक्के वजन आणि नेतृत्व व पक्षापलीकडे जाऊन केलेल्या कामाला १०-१० टक्के, त्यामागे काहीसा हाच विचार होता. राज्यपातळीवर अजून बहुतेक जण मतंच मोजतात.

तेव्हा एक संध्याकाळ काढा आणि स्वतःचा तक्ता करा. विधिमंडळाच्या साइटवर आपल्या धंद्याला भिडणारी चार-पाचच बिलं निवडा, पंचवीस नकोत. प्रत्येकाच्या इतिहासात जाऊन तिसऱ्या वाचनाचं, म्हणजे सभागृहातलं अंतिम मतदान, कमिटीचं मतदानपत्रक आणि असेल तर व्हेटोवरचं मतदान उतरवा. रकाने एवढेच: बिल, तारीख, प्रस्ताव, मत, आणि शेवटी तुमच्या भाषेत ‘आपल्या बाजूने की विरुद्ध’. शेवटचा रकाना प्रस्ताव वाचल्याशिवाय भरू नका. मग ३८वाल्या डेलिगेटच्या कार्यालयाला दोन ओळींचं ईमेल करा की या बिलावर त्यांनी असं मत का दिलं. माझा अंदाज आहे, दोघांमधलं अंतर तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा कमी निघेल. अंदाजच आहे, उलटंही निघू शकतं, आणि निघालं तर तसं माना.

लहान धंदेवाल्यांची भूमिका कळायला एनएफआयबी, म्हणजे ‘नॅशनल फेडरेशन ऑफ इंडिपेंडंट बिझनेस’ची पद्धत मला बरी वाटते. १९४३ पासूनची संघटना, ती सभासदांकडून मतपत्रिका भरून घेऊन भूमिका ठरवते आणि मोठा-छोटा सगळ्यांना एकच मत. तिच्याही प्रत्येक भूमिकेशी मी सहमत नाही, पण भूमिका आली कुठून हे तरी कळतं.

आता पैसे. एच-वन-बी, एल-वन, एच-फोर, एफ-वन यांपैकी कुठल्याही व्हिसावर असलेल्याने प्रचाराला एक डॉलरही द्यायचा नाही. केंद्र, राज्य, काउंटी, कुठल्याच निवडणुकीत नाही. ग्रीन कार्ड असेल तर चालतं. कंपनीतर्फे देणार असाल तर व्हिसावरच्या भागीदाराने त्या निर्णयातही भाग घेऊ नये. बायकोच्या नावाने आपले पैसे देणं हा गुन्हा आहे, हे स्पष्टच सांगतो, कारण आपल्यातले समंजस लोकही ‘त्यात काय’ म्हणतात. अधिवेशन चालू असताना मेरीलंडच्या आमदारांना निधी घेताच येत नाही. आणि संघटनेच्या वर्गणीतला जो भाग लॉबिंगला जातो तो करात खर्च म्हणून दाखवता येत नाही. तो किती टक्के हे बहुतेक पावतीवर बारीक अक्षरात असतं, सीपीएला दाखवा.

सत्काराबद्दल मात्र माझं मत कडक आहे: करू नका, निदान या कारणासाठी आणि निवडणुकीच्या वर्षात तर नाहीच. आपली बहुतेक मंडळं ५०१(क)(३), म्हणजे त्या कलमाखाली करमाफी मिळालेल्या धर्मादाय संस्था आहेत. त्यांना उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात काहीही करायला बंदी आहे. आयआरएसने, म्हणजे केंद्राच्या कर खात्याने, १९७८ मध्येच सांगून ठेवलंय की मतांची नोंद छापायची तर सगळ्या सदस्यांची, अनेक विषयांवरची, शेरा न मारता. ‘९२ टक्के मिळवणारे आपले सिनेटर’ असं निवेदकाने माइकवर म्हटलं की हे तिन्ही मोडलं. उद्योग संघटना ५०१(क)(६) या वेगळ्या कलमाखाली असतात, त्यांना हे करता येतं, म्हणून पुरस्कार त्यांनाच देऊ दे. मंडळाने बोलवायचं असेल तर मतदारसंघातल्या तिन्ही डेलिगेटांना आणि सिनेटरला, सगळ्यांना एकच पत्र पाठवून बोलवा, प्रत्येकाला सारखीच पाच मिनिटं द्या. शाल द्यायचीच असेल तर आधी त्यांच्या कार्यालयाला किंमत कळवा. न मागता दिलेल्या छोट्या भेटीची मर्यादा साधारण २० डॉलर धरतात, आणि भारतातून आणलेली चांगली शाल त्यात बसत नाही. नारळ बसतो.

संघटनेला पत्र लिहिणार असाल तर मसुदा इथे टाका. बिल नंबर आणि प्रस्ताव कसे विचारायचे ते मी बघून देतो.